कुकडीचे रांजण

बारामती-इंदापूरच्या मुलखातील नदी पसरट असते. कऱ्हा मोरगावाहून वाळूतून वाट काढीत येते, बारामतीला वळसा घालते आणि सोनगावापाशी नीरेला मिळते. नीरा उसाच्या मळ्यांमधून संथपणे जात नीरा नरसिंहपूरला भीमेत विलीन होते. भीमेचे तर उजनीच्या जलाशयामुळे भिगवण-पळसदेवच्या बाजूला पैलतीर दिसू नये असे विस्तीर्ण पात्र झाले आहे. शिवाय बारामती शहरातून जाणारा नीरा डावा कालवा आहेच. पाणी म्हणजे सपाट जमिनीवरून शिस्तीत चालणारी गोष्ट, अशीच आपल्या डोळ्यांची सवय झालेली आहे. जळोचीच्या माणसाला उभ्या कड्यांमध्ये सापडलेली, खडक कोरणारी नदी पाहायची असेल, तर ती सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच असेल असे वाटते. प्रत्यक्षात आपल्यासारख्याच कोरड्या, सपाट पठारावर अशी एक घळ आहे. घरापासून सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतरावर, शिरूरच्या पुढे, कुकडी नदीच्या पात्रात निघोजचे रांजणखळगे आहेत.

निघोज हे गाव पारनेर तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात येते. नदीच्या अलीकडच्या काठावर शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी हे आपल्या पुणे जिल्ह्याचे गाव आहे. कुकडी या दोन्ही जिल्ह्यांची सीमा. त्यामुळे ही घळ अर्धी आपली आणि अर्धी शेजाऱ्याची. स्थानिक लोक या ठिकाणाला नुसते ‘कुंड’ म्हणतात. दोन्ही काठांवर मळगंगादेवीची मंदिरे आहेत आणि घळीवरून झुलता पूल जातो.

गेल्या पौषात आमच्या कुटुंबातील चार पिढ्यांचे नऊ जण सकाळी सात वाजता जळोचीहून निघालो. बारामतीहून सुपे, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरे आणि शिरूर असा मार्ग आहे. महामार्गाची घाई नसलेला हा रस्ता मुलांना दाखवावा असा आहे. सुप्याच्या आसपास ऊस संपतो आणि माळरान सुरू होते. येथेच मयूरेश्वर अभयारण्य आहे. वनखात्याने राखलेल्या या छोट्याशा गवताळ माळावर चिंकारा हरणे राहतात. नवकारशी करणाऱ्यांची न्याहारी आम्ही सुपे ओलांडल्यावर, एका कडुनिंबाखाली गाडी उभी करून केली. दशम्या, मेथीचे खाखरे आणि थर्मासमधला चहा. पारगावला भीमा ओलांडताना आईने नेहमीप्रमाणे हात जोडले. पुढे शिरूरला घोड नदी लागली. या गावाला जुनी माणसे अजूनही ‘घोडनदी’ म्हणतात. आपल्या समाजातील अनेक घरांची नाती या बाजारपेठेशी जुळलेली आहेत. त्यामुळे नातेवाइकांना न भेटता पुढे जाणे म्हणजे एक प्रकारचा अपराधच; परंतु उन्हे चढण्याआधी नदीवर पोहोचायचे होते, म्हणून परतीच्या वेळी येण्याचे वचन फोनवरून दिले.

टाकळी हाजीच्या पुढे जाताना आता नदी आली, असे सांगणारी एकही खूण दिसत नाही. कांद्याची हिरवी शेते, मधूनच बाभळी आणि बोरी, लांबवर सपाट क्षितिज. डोंगर नाही, उतार नाही. वाहनतळावर गाडी लावून मंदिराच्या बाजूने शंभरेक पावले गेल्यावर जमीन एकदम काळ्या-करड्या खडकाची होते, आणि त्या खडकाला मधोमध चीर पडलेली दिसते. ती चीर म्हणजेच कुकडी. जवळ जाऊन पाहिले की तिचे काठ सरळ नाहीत हे कळते. मोठमोठे रांजण शेजारी शेजारी पुरावेत आणि मग कोणीतरी त्यांच्या भिंती फोडून ते एकमेकांत मिसळून टाकावेत, तसे ते दिसतात. काही खळगे वाटीएवढे, काहींत मूल बसेल, तर काही दोन-तीन पुरुष खोल. कडा गुळगुळीत, पोटाला फुगीर, तोंडाशी अरुंद. कुठे दोन रांजणांच्या मधली भिंत झिजून खिडकी झाली आहे, तर कुठे वरचा काठ कमानीसारखा तेवढा शिल्लक राहिला आहे. तळाशी हिरवट, निश्चल पाणी.

आमच्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर. ती काठीच्या आधाराने एका सपाट खडकावर बसली. शेजारच्या पसरट खळग्यात हात घालून तिने आतली भिंत चाचपली आणि म्हणाली, “अरे, हे तर आपलं उखळ. माझ्या सासरच्या उखळाला आतून अगदी असाच हात लागायचा.”

तिच्या या उपमेत भूगोलाच्या पुस्तकाचे एक पानच सामावले आहे. दख्खनचे पठार ज्या काळ्या पाषाणाचे बनले आहे, तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला आणि थरावर थर पसरत थंड होत गेला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आकसताना भेगा पडल्या. म्हणून वरून एकसंध दिसणाऱ्या या खडकात कमकुवत जागा असतात. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी वेगाने धावते आणि खडकातील एखाद्या उंचवट्याला किंवा भेगेला अडून तेथे भोवरा तयार होतो. भोवऱ्यात वाळू, खडे, गोटे सापडतात. पाणी पुढे निघून जाते, परंतु गोटा तेथेच गरगर फिरत राहतो आणि तळ घासतो. पूर ओसरला की काम थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू होते. गोटा झिजून वाळू झाला की नदी दुसरा आणून टाकते. खळगा जसजसा खोल होतो, तसतसा भोवरा त्यात अधिक घट्ट बसतो. शेजारचे खळगे वाढत वाढत एकमेकांना भिडतात, मधल्या भिंती पडतात, आणि अशा जुळलेल्या खळग्यांची मिळून नदीची खोल, अरुंद घळ होते. आपण पाहतो ती चीर म्हणजे असंख्य उखळांची एक रांग आहे. त्यांतील मुसळे म्हणजे हे गोटे, आणि ती फिरवणारा हात पुराचा.

हे सारे घडायला लाखो वर्षे लागत असतील, असे कोणालाही वाटेल. परंतु विश्वास काळे आणि वीणा जोशी या अभ्यासकांनी २००४ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पुणे जिल्ह्यातील इंद्रायणीच्या खडकाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. असे खळगे माणसाच्या कालमानातही तयार होऊ शकतात, याचा पुरावा त्यात दिला आहे. म्हणजे नदीचे हे काम पुराणकाळी संपलेले नाही. आपल्या पणजोबांच्या काळात जो खळगा वाटीएवढा होता, तो आज परातीएवढा असू शकतो. कुंडाच्या काठावर उभे राहून पाहिले तर ही एक चालू असलेली कर्मशाळा वाटते. आपण भेट देतो ती कारागिरांच्या सुटीच्या दिवसांत, एवढेच.

या खळग्यांना रांजण हे नाव कोणी दिले, कोणास ठाऊक. परंतु कुकडीच्या काठी आणखी एक प्रसिद्ध रांजण आहे, आणि त्याची गोष्ट व्यापारी घरांतील मुलांना सांगितलीच पाहिजे. कुकडीचा उगम जुन्नर तालुक्यात, घाटमाथ्याजवळच्या पूर या गावी होतो. तेथे कुकडेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आहे. त्या उगमापासून जवळच नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याणच्या बंदरातून निघालेला माल याच घाटाने वर चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा विख्यात शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या दानांचा तपशील असून गायी, घोडे आणि कार्षापण नाणी यांची संख्या अंकचिन्हांनी लिहिली आहे. भारतात कोरलेल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. म्हणजे कुकडीच्या उगमाशी आपल्या देशातील एक फार जुने जमाखर्चाचे पान दगडावर उतरवलेले आहे. त्याच घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण ठेवलेला आहे. व्यापारी आपल्या मालावरची जकात त्या रांजणात टाकीत, अशी परंपरागत समजूत आहे.

मुलांना मी हे सांगत होतो तेव्हा अकरावीतल्या पुतणीने विचारले, “काका, म्हणजे वरचा रांजण माणसानं भरायला केला, आणि हे खालचे नदीनं रिकामे करत नेले?” मी हो म्हणालो. तिचा प्रश्न दिवसभर माझ्या मनात राहिला.

कुंड पाहायला अनेक जण येतात, पुलावर उभे राहतात, छायाचित्रे काढतात आणि अर्ध्या तासात परततात. खरे तर हे ठिकाण पायी फिरण्याचे आहे. आम्ही प्रथम पूल ओलांडून निघोजच्या बाजूला गेलो. पुलावरून घळीची लांबी एका नजरेत येते. वरच्या अंगाला पात्र उथळ आणि रुंद; मग ते एकाएकी निमुळते होत खडकात शिरते; खालच्या अंगाला पुन्हा मोकळे होऊन सावकाश पुढे जाते. अरुंद जागी तेवढ्याच पाण्याला वेगाने जावे लागते, आणि म्हणूनच कोरीव काम तेथेच अधिक झाले आहे. हे पुलावरून जितके स्पष्ट दिसते, तितके काठावरून दिसत नाही.

पलीकडच्या काठाने वरच्या दिशेने चालत गेलो. येथे वाट अशी नाही. खडकाचे पटांगण आहे आणि त्यावर आपली पावले आपणच टाकायची. साधारण वीस मिनिटांत माणसांचे आवाज मागे पडतात. पाणी उथळ आहे तेथे एक बगळा एका पायावर उभा होता. एक खंड्या काठावरच्या बाभळीवरून पाण्यात सुरकांडी मारून परत त्याच फांदीवर येत होता. खडकाच्या आतल्या बाजूला, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर, पाकोळ्यांची मातीची घरटी चिकटलेली होती. लहान खळग्यांत गेल्या पावसाळ्यातील पाणी आटून तळाशी बारीक गाळ राहिला होता, आणि त्या चमचाभर मातीत गवताची दोन-तीन पाती उगवली होती. मोठ्या कोरड्या रांजणाच्या तळाशी डोकावले तर गोटे दिसले. अंड्यासारखे, गुळगुळीत, एकमेकांना टेकून बसलेले. मुलांना ते घरी न्यावेसे वाटले. आईने हळूच सांगितले, “राहू द्या. त्यांचं काम अजून बाकी आहे.” एवढ्याने ते थांबले.

चालताना खाली पाहत, पुढची चार हात जमीन निरखत पाऊल टाकावे, हे आपल्याकडे साधू-साध्वींच्या विहारात आपण पाहत आलो आहोत. या खडकावर ती रीत अगदी सहज अंगवळणी पडते. पायाखाली कुठे शेवाळ, कुठे पातळ कडा, कुठे बेडकीच्या पिलांनी भरलेला ओंजळभर पाण्याचा खळगा. जो खाली पाहत नाही तो येथे काही चिरडतो किंवा स्वतः पडतो. मान खाली घालून चालल्यामुळेच आम्हाला खडकातील पांढऱ्या स्फटिकांच्या गाठी दिसल्या. लाव्हेतील बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजे साचून त्या तयार झालेल्या आहेत. उन्हाचा तिरपा किरण पडला की त्या साखरेच्या दाण्यांसारख्या चमकतात.

परत मंदिरापाशी आलो तेव्हा नारळ-फुलांची विक्री करणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. मुलांनी त्यांना ‘मामा’ म्हणायला सुरुवात केली आणि ते खुलले. मळगंगेची यात्रा चैत्रात भरते. निघोजच्या बारवेतून देवीची घागर आपोआप वर येते अशी परिसरातील भाविकांची श्रद्धा आहे, आणि ती पाहायला फार मोठा समुदाय जमतो. हे सारे त्यांनी डोळ्यांसमोर उभे केले. मग मी विचारले, “पावसाळ्यात इथं कसं असतं?”

ते म्हणाले, “तेव्हा इथं बघायला काही नसतं, शेठ. सगळं पाण्याखाली. नुसता आवाज असतो. आम्ही सुद्धा काठावर जात नाही. पण पुण्याची पोरं जातात.”

या शेवटच्या वाक्याकडे प्रत्येक पालकाने लक्ष द्यावे. रांजणखळग्यांची रचनाच अशी आहे की पडलेल्याला वर येणे अवघड. तोंड अरुंद, पोट फुगीर, भिंती निसरड्या. हाताला धरायला कपार नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली शेजारच्या खळग्यांना जोडणारी भगदाडे असतात. पोहता येणाराही तेथे हतबल होतो. शिवाय कुकडी ही आता केवळ पावसाच्या मर्जीने वाहणारी नदी राहिलेली नाही. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत. माणिकडोह आणि येडगाव ही दोन कुकडीवर, तर वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही तिच्या परिसरातील इतर नद्यांवर. येथून कालव्यांनी जुन्नर-आंबेगावपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेती भिजते. धरण भरले की विसर्ग सुरू होतो, आणि निघोजला आकाश निरभ्र असतानाही पात्रातील पाणी वाढू शकते.

गर्दीचा धोका वेगळाच. १५ जून २०२५ रोजी मावळात, तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. कुंडमळा हेही असेच खळग्यांचे ठिकाण, आणि तो दिवस पावसाळ्यातला रविवार होता. त्यानंतर अशा प्रत्येक पुलावर पाय ठेवताना माणसे मोजण्याची सवय आपण लावून घ्यावी. आम्ही निघोजच्या पुलावरून तिघा-तिघांच्या गटाने गेलो. मागे उभ्या असलेल्यांना थोडे ताटकळावे लागले. कोणी काही बोलले नाही. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर ‘बोर्क्स लक’ नावाचे असेच खळगे आहेत. तेथे प्रवाशांसाठी आखलेल्या पायवाटा, कठडे आणि पादचारी पूल आहेत. आपल्याकडे तशी व्यवस्था उभी राहीपर्यंत कठडा आपल्या समजुतीचाच असणार.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुळात लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. पुलाच्या खालच्या अंगाला, वाटेपासून जवळ, एक सुबक रांजण आहे. कमरेइतका खोल, तोंड गोल, आतून जणू चाकावर घडवलेला. त्यात पाणी नव्हते, गोटेही दिसत नव्हते. तो काठोकाठ भरला होता: पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, शांपूच्या पुड्या, देवीला वाहिलेल्या नारळाची प्लास्टिकची वेष्टने, कागदी ताटल्या. नातू सात वर्षांचा आहे. नुकताच वाचायला शिकल्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचतो. त्याने वाकून दोन-तीन पाकिटांवरची नावे वाचली आणि आनंदाने ओरडला, “आजोबा, हे आपल्या दुकानात मिळतं!”

आम्ही किराण्याचे व्यापारी. नातवाचे बोलणे खरेच होते. त्या रांजणातील एकही पाकीट आमच्या दुकानातून गेले नसेल. परंतु शिरूरच्या, नारायणगावच्या, पारनेरच्या, पुण्याच्या आपल्यासारख्याच कोणत्यातरी दुकानातून ते गेले आहे. विक्रीच्या क्षणी आपला त्या वस्तूशी असलेला संबंध संपतो, असे आपण मानतो. बिल झाले, माल गेला, खाते बंद. पाकिटाचे आयुष्य मात्र तेथून सुरू होते. आतला खाऊ दहा मिनिटांत संपतो. वेष्टन राहते. ते कुजत नाही, आणि अनेक पदरांचे असल्यामुळे भंगारवालाही ते घेत नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली तेव्हा आपल्या गल्ल्यावरच्या पिशव्या गेल्या. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कारखान्यात भरून आलेली पाकिटे मात्र चालूच राहिली. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावर ही व्यवस्था योग्यच आहे. परंतु कुकडीच्या रांजणात ती अजून पोहोचलेली नाही.

येथे मला पुतणीचा प्रश्न पुन्हा आठवला. नदीने हे रांजण घडवले ते आतला कण न् कण बाहेर काढून. प्रत्येक पुरात थोडा खडक कमी करायचा, घासलेली भुकटी पुढे वाहून न्यायची, पुन्हा नवा गोटा घ्यायचा. हजारो वर्षे जे रिकामे करण्याचे काम चालले, ते आपण एका सुटीच्या मोसमात भरून टाकतो. आणि यात नुसत्या अस्वच्छतेचा प्रश्न नाही. ज्या खळग्याचा तळ पाकिटांनी झाकला गेला, त्यात पुराचा गोटा तळाला घासू शकत नाही. पुराचा जोर कमी पडला तर तो कचरा गाळाखाली दबून तेथेच बसतो. जोर जास्त असला तर खाली वाहून जातो. दोन्ही प्रकारे तो कोठेतरी राहतोच.

तो खाली कोठे जातो, हे जळोचीकरांनी विशेषकरून लक्षात घ्यावे. कुकडी पुढे घोडला मिळते. घोड भीमेला मिळते. भीमा उजनीच्या जलाशयात येते. कुकडीच्या घळीतून सुटलेले पाणी आपल्या इंदापूर तालुक्याच्या दाराशी येऊन थांबते. भिगवणच्या पाणथळीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्या पायाखालच्या पाण्यात कुकडीचा वाटा असतो. इंदापूरच्या काठावरून आपण जे पाणी उपसतो, त्यातही तो असतो. सकाळी पारगावच्या पुलावर आईने ज्या नदीला हात जोडले, तिच्यातच हे पाणी पुढे मिसळणार होते.

त्या दिवशी आम्ही काय केले ते सांगतो, कारण ते कोणालाही करता येण्याजोगे आहे. गाडीत दळणाच्या दोन रिकाम्या गोण्या होत्या. आमच्या धाकट्या भावाने आणि मुलांनी हातांत कापडी रुमाल गुंडाळून तो एक रांजण रिकामा केला. पाऊण तास लागला. आत खाली हात गेला तेव्हा तळाशी आठ-दहा गोटे सापडले. ते जसे होते तसेच राहू दिले. फुलवाले मामा आधी लांबून पाहत होते. मग तेही आले आणि तिसरी गोणी घेऊन आले. दोन्ही भरलेल्या गोण्या आम्ही गाडीच्या टपावर बांधून घरी आणल्या. एक रांजण स्वच्छ झाला म्हणजे कुंड स्वच्छ झाले असे नव्हे. शेजारचे पंधरा तसेच होते. परंतु घरी आल्यावर आमच्या भावाने दुकानाच्या दाराशी एक पोते लटकवले आणि त्यावर पाटी लावली: ‘रिकामी पाकिटे येथे टाका’. पाकिटे विकत घेणारी मुले पुष्कळदा तेथेच उभी राहून खातात, आणि आता बहुतेक वेष्टने त्या पोत्यात जातात. पोते भरले की ते नगरपरिषदेच्या कचरागाडीत कोरड्या कचऱ्याच्या कप्प्यात जाते. फायद्या-तोट्याच्या हिशेबात हे कोठे लिहायचे, ते अजून आम्हाला ठरवता आलेले नाही.

वाचकांपैकी ज्यांना निघोजला जायचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पावसाळा संपून पूर ओसरल्यावर, साधारण कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा खळगे उघडे असतात, पाणी निवळलेले असते आणि ऊन सोसवते. वैशाखात खडक इतका तापतो की बूट घालूनही उभे राहणे कठीण. चातुर्मासात तर जाऊच नये. साधूंचा विहार ज्या कारणासाठी थांबतो ते आहेच. शिवाय नदीही तेव्हा आपल्या कामात असते. सकाळी दहाच्या आत पोहोचावे. ऊन तिरपे असते तोवर खळग्यांचे आकार सावलीमुळे उठून दिसतात, डोक्यावर आले की सारे सपाट भासते. पायांत घट्ट, न घसरणारे बूट असावेत. चपला आणि नवे गुळगुळीत बूट दोन्ही घातक. मुलांना पाण्याच्या कडेपासून दहा पावले दूर ठेवावे आणि छायाचित्रासाठी कोणालाही कड्यावर मागे सरकू देऊ नये. गाळलेले पाणी घरून मोठ्या कळशीत न्यावे. म्हणजे बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. शिधाही घरचाच, डब्यांत. ज्येष्ठ मंडळींना मंदिराजवळच्या सपाट खडकावरून बरेच काही दिसते, त्यांना घळीत उतरवण्याचा आग्रह धरू नये.

परतीचा हिशेब सूर्यास्तावरून करावा. पौष-माघात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि बारामतीपर्यंतच्या रस्त्याला अडीच-तीन तास लागतात. म्हणून अडीच वाजता तेथून निघावे. शिरूरला तास-दीड तास थांबून तेथील नातेवाइकांकडे दिवसा-उजेडीच जेवण उरकता येते. आम्ही तसेच केले. काकूंनी मुगाची खिचडी, कढी आणि ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवताना मुलांनी त्यांना खळग्यांची सारी हकीकत सांगितली. काकू चाळीस वर्षांपूर्वी घोडनदीत लग्न होऊन आल्या. निघोज त्यांच्या घरापासून पंचवीस किलोमीटरही नाही, आणि त्यांनी कुंड एकदाही पाहिलेले नव्हते. “दुकान, घर, सण, पाहुणे. राहूनच गेलं,” त्या म्हणाल्या. पुढच्या कार्तिकात त्यांना घेऊन जायचे ठरले आहे.

व्यापारी घरांमध्ये प्रवास पुष्कळ होतो. तीर्थयात्रा, लग्ने, खरेदी, वसुली. त्या प्रवासांत आपण किती नद्या ओलांडतो याची मोजदाद नसते, आणि ओलांडताना क्वचितच थांबतो. कुकडीवर एक दिवस थांबावे. पाण्याजवळ शक्ती नसते असे नाही, पण हा खडक शक्तीपेक्षा एका जागी टिकून फिरणाऱ्या लहान गोट्यांनी कोरला आहे, हे आपल्या मुलांनी हाताने चाचपून पाहावे. आणि मग पुढच्या हिवाळ्यात त्यांना भिगवणला न्यावे, उजनीच्या काठावर उभे करावे आणि सांगावे की तुम्ही पाहिलेले ते पाणी हेच. घळीत काय टाकायचे आणि काय टाकायचे नाही, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.